हातीचे कांकण : लेणे आणि त्याचा अर्थ

(ग्रामपंचायत सदस्य आणि प्राथमिक शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मराठी घरात काचेची बांगडी कधी फुटत नाही, ती ‘वाढते’. नारळ फोडीत नाहीत, तो वाढवितात. संध्याकाळी दुकान बंद करीत नाहीत, वाढवितात. जे संपू नये, तुटू नये असे मनापासून वाटते त्याच्या तुटण्याला आपल्या बोलीने वाढण्याचे नाव दिले. या शब्दयोजनेतच बांगडीचे मोल सांगून झाले आहे. बाजारात जिची किंमत अगदी किरकोळ, अशा या काचेच्या वर्तुळाबद्दल आयाबाया जितक्या जपून बोलतात तितक्या जपून त्या सोन्याच्या पाटलीबद्दलही बोलत नाहीत. मात्र घरधनी गेल्याच्या दिवशी हीच भाषा एकाएकी उघडी पडते. त्या दिवशी बांगड्या फोडल्या जातात, आणि तेथे कोणी सौम्य शब्द शोधीत बसत नाही.

हाताच्या अलंकारांचा विचार करताना या दोन्ही गोष्टी नजरेसमोर ठेवाव्या लागतात. अलंकार म्हटला की घडण, धातू, नक्षी आणि हौस एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांचा या विषयाशी संबंध कोठे येतो, अशी शंका त्यामुळे उद्भवते. तो संबंध कोठे येतो हे पुढे स्पष्ट होईल. आधी प्रत्यक्ष लेण्याकडे वळणे योग्य ठरेल.

महाराष्ट्रात मनगट ते दंड एवढ्या वीतदीड वीत जागेसाठी जितकी नावे आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या अवयवाच्या वाट्याला आली असतील. चपटी, रुंद व जोडीने घालावयाची ती पाटली. भरीव, जाड आणि बहुधा नक्षीविरहित तो गोठ. सोन्याची वळणदार गुंफण करून घडविलेले ते तोडे; त्यांतील भारदस्त घडणीला ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यावरून ‘शिंदेशाही’ हे नाव मिळाले. नाजूक नक्षीचे बिलवर, जवाच्या दाण्यांसारखी घडण असलेले जवे, मोत्यांचे गजरे, दंडावरची वाकी आणि बाजूबंद ही आणखी काही नावे. तान्ह्या मुलासाठी मनगट्या, बिंदल्या आणि वाळे हे बाळलेणे वेगळेच. ही नावे आता सराफकट्ट्यावर जितकी ऐकू येतात तितकी घरात येत नाहीत. शाळेतील मुलींना आजीकडून अशा नावांची यादी करून आणावयास सांगितले, तर भाषेच्या तासाला त्याहून चांगला गृहपाठ सापडणे कठीण.

या सर्व सोन्यामोत्यांमध्ये हिरवी काच बसते. पाटल्या, तोडे, गोठ कितीही असले तरी काचेच्या बांगड्यांशिवाय सवाष्णीचा हात भरला असे मानीत नाहीत. विवाहापूर्वी वधूला हिरवा चुडा भरतात आणि एका हातात एक बांगडी अधिक ठेवून संख्या विषम करतात. डोहाळजेवणात हिरव्या बांगड्या, श्रावणात हिरव्या बांगड्या, देवीच्या ओटीतही खणनारळाबरोबर हिरव्या बांगड्या असतात. हिरवा रंग हा पिकाचा, पालवीचा व प्रजननाचा. शेतीवर जगणाऱ्या समाजाने तो हातावर आणला, यात नवल नाही.

बांगडी भरणे ही स्वतंत्र विद्या आहे. कासार, मण्यार किंवा जुन्या बोलीतील वैराळ हात पाहूनच माप ओळखतो. हे माप बांगडीच्या आतील व्यासाचे, इंचांत मोजलेले. सव्वादोन, अडीच, पावणेतीन असे ते बोलले जाते. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग दाबून, बोटे जुळवून, हाडापेक्षा जेमतेम मोठी बांगडी न फोडता मनगटात उतरविणे हे हलक्या हाताचे काम आहे. परपुरुषाने स्त्रीच्या हाताला स्पर्श करू नये असा कडक दंडक असलेल्या घरांतही कासाराला ओसरीवर बसवीत आणि त्याच्यापुढे हात करीत. कासार हिंदू असतो, जैन असतो; मण्यार बहुधा मुसलमान असतो. चुडा भरताना त्याची जात वा धर्म आड आला नाही, ही आपल्या ग्रामजीवनातील नोंद घेण्याजोगी गोष्ट होय. आज त्याच्या पेटीतील बहुतेक काच उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून येते. तेथे भट्टीतून निघालेल्या काचेच्या वेटोळ्यांचे तुकडे होतात आणि त्यांची टोके ज्योतीवर जोडण्याचे काम अनेक घरांतून स्त्रिया नगावारी मजुरीने करतात. ज्या हातांत चुडा जातो त्या हातांना, तो जोडणारे हात कोणाचे, याची सहसा कल्पना नसते.

आता अर्थाकडे वळू. बांगडी म्हणजे सौभाग्य आणि सौभाग्य म्हणजे नवऱ्याचे आयुष्य, हे समीकरण अनादि काळापासून चालत आले आहे, असे अनेकजण गृहीत धरतात. उपलब्ध पुरावा मात्र एवढे निश्चयाने बोलू देत नाही. मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या लहानशा नर्तिकेचा डावा हात जवळजवळ दंडापर्यंत कांकणांनी झाकलेला आहे आणि उजव्या हातात मोजकीच कांकणे आहेत. ती कोणाची पत्नी होती काय, हे त्या कांकणांवरून सांगता येत नाही. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव हे साडेतीन हजार वर्षांपूर्वी नांदते असलेले शेतकऱ्यांचे गाव. तेथील उत्खननात इतर मण्यांबरोबर शंखाच्या बांगड्याही मिळाल्या आहेत. शंख समुद्राचा आणि गाव देशावरचे; तेव्हा बांगडीसाठी माल दुरून आणण्याची हौस त्या काळीही होती. काचेच्या बहुरंगी बांगड्या महाराष्ट्रात विपुल सापडतात त्या मात्र बऱ्याच नंतरच्या, मध्ययुगीन थरांत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेले उत्खनन आणि नेवासे येथील १९५४ ते १९५६ मधील उत्खनन या दृष्टीने प्रसिद्ध आहेत.

शिवाय कांकण हे स्त्रीचेच, हाही समज पूर्णपणे खरा नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व रत्नजडित मुकुटाबरोबर हाताचे अलंकारही ल्यालेला आहे. मराठेशाहीत पराक्रम गाजविणाऱ्याला सोन्याचे कडे बक्षीस देण्याची चाल होती. नांदेडच्या तख्तावर माथा टेकण्यास येणाऱ्या शिखाच्या हातातील लोखंडी कडे त्याच्या पाच ‘ककारां’पैकी एक आहे. विवाहाच्या वेळी हळकुंड बांधलेले कंकण वधूबरोबर वरालाही बांधतात. म्हणूनच एखादे कार्य तडीस नेण्याचा निर्धार करणे याला मराठीत ‘कंकण बांधणे’ म्हणतात. त्याच भाषेत ‘हातांत बांगड्या भरल्या आहेत काय?’ हा भित्र्या पुरुषाला मारलेला टोमणाही आहे. एकच वर्तुळ पुरुषाच्या मनगटावर शौर्याचे आणि स्त्रीच्या मनगटावर दुर्बलतेचे कसे ठरले, याचा खुलासा धातुशास्त्रात मिळत नाही.

समाजासमाजांतही अर्थ बदलतो. किनाऱ्यावरच्या सोनकोळी स्त्रियांत काचेच्या बांगड्या डाव्याच हातात घालण्याची रीत होती. उजव्या हाताचा चुडा लग्नाच्या वेळी समुद्राला अर्पण केलेला असे. दर्यावर जाणाऱ्या धन्याला त्याने सांभाळावे, अशी त्यामागील श्रद्धा. त्या हातात मग चांदीचे लेणे येई. बंजारा स्त्रीचा चुडा कोपराच्या वर दंडावर चढतो आणि दुरूनही तिची ओळख पटवितो. गोव्यात तर ख्रिस्ती वधूलाही चुडा भरतात. तो समारंभ मामाच्या घरी होतो, आणि नवरा वारला की तो चुडा त्याच्या शवपेटीवर फोडण्याची चाल तेथील ख्रिस्ती कुटुंबांतही होती. या एका उदाहरणावरून, बांगड्या फोडणे ही एखाद्या धर्माची आज्ञा आहे असे म्हणणाऱ्यांना पुन्हा विचार करावा लागेल. धर्म बदलला तरी चाल टिकली, यावरून ती लोकांची आहे आणि लोकच ती चालवितात, हे उघड होते.

ही चाल सर्वत्र सारखीही नाही. महाराष्ट्रातील अनेक जातीजमातींत विधवेचा पाट किंवा मोहतूर लावण्याची रूढी पूर्वापार होती आणि त्या विधीनंतर तिच्या हातात पुन्हा बांगड्या येत. ज्या घरांत पुनर्विवाह निषिद्ध होता तेथेही विधवेला सोन्याची एखादी पाटली चालत असे. चालत नसे ती काच. सोन्याला मूल्य होते म्हणून ते राहिले, काचेला अर्थ होता म्हणून ती गेली. सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीच्या परंपरेचाही येथे विचार करण्यासारखा आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागांतून हजारो भाविक त्या डोंगरावर जातात. मार्गशीर्षातील ‘रांडाव पुनवे’ला देवीला वैधव्य आले असे मानून बांगड्या उतरविल्या जातात आणि पुढच्या यात्रेत ती पुन्हा सौभाग्यवती मानली जाते. देवीला दरवर्षी जे परत मिळते ते गावातल्या बाईला जन्मभर मिळत नाही.

प्रत्यक्षात काय घडते हे ग्रामीण भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त त्याविषयी बोलले जात नाही. कोठे प्रेत उचलताना, कोठे दहाव्याला नदीकाठी, त्या स्त्रीला मध्ये बसवितात. इतर स्त्रिया, पुष्कळदा विधवाच, तिचे हात धरतात आणि मनगटे दगडावर आपटून किंवा दगडाने ठेचून बांगड्या फोडतात. कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, पायांतील जोडवी काढतात. काचेने हात कापला तरी त्याकडे पाहण्याची ती वेळ नव्हे असे समजतात. लहान मुले हे पाहत असतात. दुसऱ्या आठवड्यात ती शाळेत येतात तेव्हा त्यांच्या गप्पपणाचे कारण शिक्षकाला माहीत असावे, एवढ्यासाठी तरी शिक्षकाने हा विषय परका मानू नये.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये या मौनाला छेद दिला. करोनाच्या साथीत अनेक तरुण स्त्रियांवर वैधव्य कोसळले होते आणि जुनी चाल डोळ्यांना अधिकच खुपू लागली होती. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव या गावाने केला. त्याच महिन्यात राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत होती. ज्यांनी आपल्या संस्थानात १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचे बळ दिले, त्यांच्या स्मृतीला याहून योग्य अभिवादन सुचणे अवघड होते. दि. १७ मे २०२२ रोजी राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे आवाहन केले. त्यानंतर अनेक गावांत असे ठराव झाले.

ठराव झाला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. ग्रामसभेचा ठराव म्हणजे फौजदारी कायदा नव्हे. त्याने दंड होत नाही आणि कोणाच्या दुःखाच्या प्रसंगी पंचांनी फिर्यादी होऊन दारात उभे राहावे, अशी अपेक्षाही नाही. ठरावाचे बळ निराळ्या प्रकारचे आहे. मयताच्या घरी जमलेल्यांपैकी एखाद्या स्त्रीला ‘हे नको’ असे म्हणावयाचे असते. एकटीने म्हणण्याचे धैर्य होत नाही. गावाने आधीच ठरविले आहे एवढे वाक्य तिच्या हाताशी असले तर तिला पाठबळ मिळते. एखादी स्त्री स्वतःच्या इच्छेने चुडा उतरवीत असेल तर तो तिचा अधिकार. तिला बळेच बांगड्या भरणे ही जुन्या जुलमाची उलटी बाजू होईल. इच्छेविरुद्ध तिच्या अंगावर हात टाकणे मात्र कोणत्याही प्रथेच्या नावाने कायदेशीर ठरत नाही, हे गावात स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

‘हे करणाऱ्या बायकाच असतात, मग पुरुषांनी काय करावे?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक सभेत निघतो. तो निरुत्तर करणारा वाटतो, पण नाही. त्या बायका स्वतःच्या वाट्याला आलेले दुसरीच्या हातावर उतरवीत असतात. तसे न केल्यास भावकीतील वडीलधारे पुरुषच बोल लावतील ही त्यांची भीती असते. दीर, सासरा, मुलगा यांपैकी एकाने ‘वहिनींच्या हाताला कोणी हात लावू नका’ म्हटले की बहुधा तेथेच प्रकरण थांबते.

काच फुटते तेव्हा सोन्याचेही काहीतरी होत असते. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे अंगावरून उतरविले जातात ते एका फडक्यात बांधून घरातील कोणाच्या तरी हाती जातात. शोकाच्या गर्दीत ते कोणाकडे गेले हे त्या स्त्रीला कळत नाही आणि कळले तरी तिला विचारता येत नाही. येथे कायदा पूर्णपणे तिच्या बाजूचा आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ अन्वये हिंदू स्त्री आपल्या ताब्यातील मालमत्तेची पूर्ण मालक असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात स्त्रीधन हे स्त्रीचेच असून सासरच्यांच्या हाती ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, असा निर्णय दिला. २०२४ मध्येही न्यायालयाने याच तत्त्वाचा पुनरुच्चार केला. विवाहात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवण्याविषयीचे नियमही १९८५ चेच आहेत. ही यादी बहुतेक घरांत होत नाही. आता हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि १ एप्रिल २०२३ पासून सराफाला या क्रमांकाशिवाय असे दागिने विकता येत नाहीत. तेव्हा लग्नाच्या यादीत पाटल्यांच्या वजनापुढे तो क्रमांक लिहून ठेवणे कठीण नाही. मुलीच्या बापाने मांडवाच्या खर्चाचा हिशेब जितक्या काळजीने ठेवला तितक्याच काळजीने ही यादीही ठेवावी.

सोन्यापाठोपाठ जमीन येते. दहाव्याला नदीवर जी माणसे जमतात त्यांच्यातच सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे संचालक असतात. त्या दिवशी त्या घरासाठी खरोखर करावयाचे काम वेगळे आहे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत झाली आहे काय, सातबारावर वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, गेली आहे काय आणि तीत विधवेचे नाव मुलांच्या नावांबरोबर आहे काय, हे पाहावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा कर्ता पुरुष गेला असल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचा आणि त्या स्त्रीसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरावयाचा असतो. अनेक ठिकाणी बांगड्यांचे तुकडे दहाव्याला गोळा होतात आणि कागद वर्ष उलटले तरी गोळा होत नाहीत.

सार्वजनिक समारंभांकडेही थोडे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि त्यांवर निवडून आलेल्यांत विधवाही आहेत. ती सरपंच म्हणून ध्वजारोहण करते. पण संक्रांतीत त्याच ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या हळदीकुंकवाला तिला मागच्या रांगेत बसावे लागते किंवा बोलावणेच येत नाही. शाळेतील मातापालक मेळाव्याला जोडून हळदीकुंकू ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. हेतू चांगला असतो, पण ज्या मुलाची आई त्या दिवशी घरीच राहते त्याला त्याचे कारण दुसरे मूल सांगते. एकतर तो कार्यक्रम सर्व मातांसाठी असावा आणि बांगड्या, वाण, फूल सर्वांना मिळावे, नाहीतर तो शाळेच्या आवारात नसावा.

निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देण्याचे आंदोलनही अधूनमधून घडते. लोकांचा संताप खरा असतो. पण त्या ताटातील बांगड्या ज्या कार्यकर्त्या घेऊन येतात त्यांच्याही हातांत त्याच बांगड्या असतात. त्याच हातांनी त्या पाणी भरतात, भात लावतात आणि ऊस तोडतात.

ठराव करू इच्छिणाऱ्या गावांसाठी एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. पुष्कळदा ती सह्यांपुरती होते. हा विषय प्रथम त्या सभेपुढे यावा, ठरावाची भाषा तेथेच ठरावी आणि सुचविणारी व अनुमोदन देणारी स्त्रीच असावी. सभेच्या दिवशी हजेरीपत्रक समोर आल्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने गावातील विधवा स्त्रियांपैकी किती जणी आल्या आहेत हे मोजावे, आणि त्या आल्या नसतील तर सभा पुढच्या आठवड्यावर ढकलून त्यांच्या घरी निरोप पाठवावा.